कमळाचा चुलतभाऊ चिनार

जास्वंदीच्या फुलातून बाहेर डोकावणारी ती लांब दांडी आठवते ना? तिच्या वरच्या भागात बारीक देठांवर पिवळे ठिपके असतात. त्यांना हळूच बोट लावलं की बोटावर पिवळी भुकटी येते. एरवी आपण ती फ्रॉकला नाहीतर चड्डीला पुसून मोकळे होतो. आज तसं करू नका. एका काळ्या कागदावर बोट झटका आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. भुकटी कुठली, सगळे सुटे सुटे गोल दाणे दिसतील! हे जास्वंदीचे परागकण.

जास्वंदीचा एक कण साधारण 100 ते 150 मायक्रोमीटरचा असतो. तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे हजार सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या घरात जास्वंदीचे सात ते दहा कण ओळीने बसतील. वाचताना हे अगदी इवलंसं वाटतं, पण परागकणांच्या दुनियेत जास्वंद म्हणजे पहिलवान! बहुतेक फुलांचे कण याच्या निम्म्याहूनही लहान असतात. जांभळाचा कण 20 मायक्रोमीटरच्या आसपास. थंड प्रदेशात फर्गेट-मी-नॉट नावाचं चिमुकलं निळं फूल असतं, त्याचा कण तर 10 मायक्रोमीटरही भरत नाही. आणि समुद्राच्या पाण्याखाली झोस्टेरा नावाची वनस्पती उगवते, तिचे परागकण गोल नसतातच. दोन-तीन मिलिमीटर लांबीचे ते बारीक धागे असतात आणि पाण्यातून वाहत जाऊन दुसऱ्या फुलाला अडकतात.

परागकणाचं काम तुम्ही शाळेत शिकला आहात. तो वाऱ्यावर उडून, नाहीतर मधमाशीच्या अंगावर बसून दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोचतो. तिथे त्याच्यातून एक नाजूक नळी फुटते. ही परागनलिका आत आत वाढत बीजांडापर्यंत जाते आणि मग बी तयार होतं. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. पण हा प्रवास करणाऱ्या कणाचं अंग कसं असतं, ते पुस्तक फारसं सांगत नाही आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

परागकणाला दोन कवचं असतात. आतलं पातळ आणि मऊ, सेल्युलोज आणि पेक्टिन यांचं. बाहेरचं मात्र भलतंच चिवट. ते ज्या पदार्थाचं बनलेलं असतं त्याचं नाव स्पोरोपोलेनिन. सजीवांनी बनवलेल्या पदार्थांमध्ये इतका टिकाऊ पदार्थ शोधून सापडणं कठीण. किती टिकाऊ? गुन्नार एर्ड्टमन नावाचे एक स्वीडिश शास्त्रज्ञ होते. त्यांनी परागकण साफ करायची एक पद्धत बसवली. त्यात तीव्र गंधकाम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड यांच्या मिश्रणात कण चक्क तापवतात. आतला जीव, आतलं कवच, वरचा चिकट तेलकट थर, सगळं विरघळून जातं. बाहेरचं कवच मात्र जसंच्या तसं राहतं, वरची नक्षीसुद्धा न मोडता. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ही पद्धत वापरतात. (तुम्ही घरी याच्या वाटेला जायचं नाही. ही रसायनं फार घातक असतात.)

अशा स्वच्छ केलेल्या कवचाकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की माणूस बघतच राहतो. जास्वंदीच्या कणावर चहूबाजूंनी टोकदार काटे. कोरांटीच्या कणावर खोल खोल खळगे आणि त्यांच्या कडांची सुबक जाळी. कुठे पुटकुळ्या, कुठे समांतर रेघा, कुठे गुळगुळीत पाठ. मक्याचा कण दिसायला साधा, पण त्याला बरोब्बर एकच गोल भोक असतं, त्या भोकाला जाड कडा असते आणि भोकावर चक्क छोटं झाकणही!

हे भोक कशासाठी? विचार करा, एवढं भक्कम कवच घातल्यावर परागनलिका बाहेर येणार कुठून? म्हणून कवचात काही ठिकाणी दारं ठेवलेली असतात, तिथे बाहेरचं कवच पातळ असतं किंवा नसतंच. दार गोल असलं तर त्याला म्हणायचं रंध्र आणि लांबट असलं तर खाच. या खाचेचं आणखी एक काम आहे. फुलातून बाहेर पडलेला कण वाळायला लागला की खाचेच्या दोन्ही कडा आत वळून एकमेकींना मिटतात, त्यामुळे आतला ओलावा टिकतो. कण कुक्षीवर पोचून पाणी प्यायला की फुगतो आणि खाच परत उघडते.

आता नीट लक्ष द्या, कारण इथून पुढे आपण झाडांची नाती शोधायला निघणार आहोत. एक मोसंबं घ्या. त्याच्या सालीवर देठापासून खालच्या टोकाकडे तीन उभ्या चिरा द्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. झाला तुमचा तीन खाचांचा परागकण! दुसरं मोसंबं घ्या आणि त्याला एकाच टोकावर एकच लांब चीर द्या. हा झाला एका खाचेचा परागकण. जगात फुलझाडांच्या सुमारे तीन लाख जाती आहेत. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती तीन खाचांच्या घराण्यातल्या आहेत. एका खाचेवाले त्या मानाने थोडे, पण त्यांचं घराणं जुनं.

घराणं कशावरून म्हणायचं? तर कणाला दारं किती आणि ती कुठे, हे तो तयार होतानाच ठरतं. परागकोशात एका पेशीचे चार कण होतात. ते चौघं एकमेकांना चिकटलेले असतानाच दारांच्या जागा नक्की होतात. झाडाची उंची खतपाण्यावर बदलते. सावलीतल्या झाडाची पानं मोठी होतात, उन्हातल्याची लहान. पण तुम्ही झेंडूला कितीही खत घाला, त्याच्या परागकणाला तीनाच्या जागी एक खाच होणार नाही. ती ओळख पूर्वजांकडूनच आलेली असते. म्हणून झाडांची कुळं लावणाऱ्या शास्त्रज्ञांना परागकण हा फार भरवशाचा साक्षीदार वाटतो.

परागकणावरून झाडाची जात ओळखता येते, हे लक्षात आलं ते फार जुन्या काळी. 1682 मध्ये इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू या डॉक्टरांनी वनस्पतींच्या अंतरंगावर एक मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्या काळच्या साध्यासुध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी परागकण पाहिले, त्यांची चित्रं काढली आणि लिहून ठेवलं की एका जातीच्या फुलांतले कण एकसारखे असतात, वेगळ्या जातींचे वेगळे. आणि गंमत बघा, त्याच 1682 साली, त्याच देशात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यांनी दुसरं एक पुस्तक छापलं. त्यात त्यांनी बियांकडे बघून फुलझाडांचे दोन गट केले. भिजवलेला हरभरा सोलला की त्याची दोन दळं सुटी होतात, मक्याच्या दाण्याची होत नाहीत. एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री! हो, तेच, जे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आजही आहे.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ही दोन दळांची वाटणी पक्की मानली गेली. पण विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी हजारो झाडांचे परागकण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एर्ड्टमन यांनी 1952 मध्ये सगळ्या फुलझाडांच्या परागकणांवर आणि वर्गीकरणावर एक जाडजूड ग्रंथच काढला. आणि तेव्हा काही झाडं वाटणीत नीट बसेनात. सोनचाफा घ्या. बियांवरून तो द्विबीजपत्री. मग त्याच्या परागकणाला तीन खाचा हव्यात ना? पण त्याला आहे एकच. काळी मिरीचंही तसंच. दळं दोन, खाच मात्र एक. नारळ, कांदा, लिली या एकबीजपत्री मंडळींनाही एकच खाच असते. म्हणजे खाचेच्या बाबतीत सोनचाफा सूर्यफुलापेक्षा नारळाच्या जास्त जवळचा निघाला!

आता एका खाचेचा कण ही मुळातली, जुनी पद्धत आहे. फुलं न येणाऱ्या सायकससारख्या झाडांतही ती दिसते. तीन खाचा नंतर आल्या. जमिनीच्या थरांत तीन खाचांचे सगळ्यात जुने कण सापडतात ते सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी कुठल्यातरी एका झाडाच्या वंशात ही तीन दारं आली आणि त्या वंशाचा पुढे एवढा विस्तार झाला की आज आंबा, वड, गुलाब, तूर, कापूस, झेंडू, मोगरा, वांगं सगळे त्यातलेच. या घराण्याला म्हणतात ‘खरे द्विबीजपत्री’. सोनचाफा, सीताफळ, मिरी यांना दोन दळं असली तरी ते या घराण्यात येत नाहीत. तुमच्या पुस्तकातली दोन गटांची वाटणी शिकायला सोपी आहे, परीक्षेत तीच लिहा. पण झाडांचा खरा वंशवृक्ष तिच्यापेक्षा जास्त फांद्यांचा आहे, हे मनात असू द्या.

आता येऊ या कमळाकडे. माझ्या मते परागकणांच्या सगळ्या कथांमधली ही सगळ्यात सुंदर कथा.

तळ्यात फुलणारी दोन फुलं आपण नेहमी एकमेकांत गोंधळून टाकतो. एक कमळ आणि दुसरं कुमुद, म्हणजे बागेतल्या हौदात लावतात ती वॉटर लिली. बाजारात दोन्ही ‘कमळ’ म्हणूनच विकली जातात. ओळखायची खूण सांगतो. कमळाची मोठी पानं पाण्याच्या वर उभ्या देठावर छत्री उघडल्यागत पसरतात. देठ पानाच्या बरोबर मध्यावर जोडलेला असतो. पाण्याचा थेंब पडला तर तो न चिकटता घरंगळतो. कुमुदाचं पान पाण्यावर पसरून तरंगतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. फुलाच्या मधोमध बघा. कमळात वर सपाट, खाली निमुळता होत गेलेला एक पिवळा गड्डा असतो आणि त्याच्या सपाट माथ्यावर खड्डे. एकेका खड्ड्यात एकेक बी.

तर पाण्यात राहणं, चिखलात रुजणं, मोठाली गोल पानं, भरपूर पाकळ्या, एवढं साम्य बघून जुन्या शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच कुळात टाकलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाताशी तो आजही असतो. त्यातसुद्धा कमळ आणि कुमुद एकाच कुळात आहेत.

पण परागकण काय म्हणतात? कुमुदाच्या कणाला एकच खाच, तीही अशी की कणाच्या एका बाजूला गोल कडं करून फिरते. आणि कमळाच्या कणाला? तीन! सारख्या अंतरावर तीन उभ्या खाचा. म्हणजे तळ्यात शेजारी शेजारी राहणारी ही दोन फुलं वेगवेगळ्या घराण्यांतली निघाली. कुमुद फुलझाडांच्या अगदी जुन्या शाखेतलं आणि कमळ थेट खऱ्या द्विबीजपत्रींमधलं. काही शास्त्रज्ञ परागकणांकडे बोट दाखवून म्हणू लागले की अहो, हे दोघं भाऊ नाहीत, कमळाला वेगळं काढा.

मग आला डीएनए. 1990 नंतरच्या दशकात शेकडो झाडांच्या डीएनएची तुलना झाली आणि 1998 मध्ये जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने फुलझाडांची नवी मांडणी प्रसिद्ध केली. त्यात परागकणांची साक्ष खरी ठरली. कमळ आणि कुमुद वेगळे. आणि कमळाचे जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण सापडले असतील? काश्मीरमधला चिनार! आणि मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडे रस्त्याकडेला आणि बागांमध्ये लावलेला सिल्व्हर ओक! एक चिखलातली नाजूक पाणवनस्पती, दुसरे आभाळाला भिडणारे वृक्ष. दिसण्यात काडीचं साम्य नाही. पण कमळ, चिनार आणि सिल्व्हर ओक आज एकाच गणात, म्हणजे कुळांच्या एकाच गटात आहेत. फार फार पूर्वी त्यांचा पूर्वज एक होता. पुढे कमळाचा वंश पाण्यात उतरला आणि पाण्यात राहायला जे जे लागतं ते ते त्याने स्वतंत्रपणे मिळवलं. म्हणून तो वरवर कुमुदासारखा दिसू लागला. खाचा मात्र तीनच राहिल्या.

या गोष्टीत तिसरं फूलही आहे आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातलं. कासच्या पठाराजवळ एक छोटं तळं आहे, त्याचं नावच कुमुदिनी. पावसाळ्याच्या शेवटी ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. फुलं छोटी, पाकळ्यांवर पांढरी रेशमी लव, पानं गोल आणि पाण्यावर तरंगणारी. आता तुम्ही म्हणाल, ही कुमुदाची धाकटी बहीण. चूक! हिचा परागकण तिकोनी आणि त्याला तीन खाचा. ही निम्फॉइड्स इंडिका आहे आणि तिचा गण आहे सूर्यफुलाचा. बघा, पाण्यात फुलणारी तीन फुलं: एक फुलझाडांच्या जुन्या शाखेतलं, एक चिनाराचं भावंड आणि एक सूर्यफुलाच्या गोतावळ्यातलं.

मात्र परागकणाकडे बघून लगेच निकाल द्यायचा नसतो. त्याचंही सगळंच अंग सारखं बोलत नाही. काट्यांचंच बघा. जास्वंदीला काटे, भेंडीला काटे, अंबाडीला काटे, कापसालाही काटे. हे सगळे एका कुळातले, तेव्हा काटे ही कुळाची खूण वाटते. पण सूर्यफुलालाही काटे आहेत, भोपळ्यालाही आहेत आणि त्यांचं जास्वंदीशी जवळचं नातं नाही. काटेरी, चिकट कण किड्यांच्या केसाळ अंगाला छान अडकतात. म्हणून किड्यांवर अवलंबून असलेल्या वेगवेगळ्या कुळांत काटे आपापले आले. वाऱ्यावर उडणाऱ्या गवतांना, ज्वारीला, मक्याला काट्यांचं काय काम? त्यांचे कण कोरडे आणि गुळगुळीत. मग अशा वेळी दारं बघायची. सूर्यफुलाच्या कणाला तीन खाचा आणि प्रत्येक खाचेच्या मध्ये एक रंध्र. जास्वंदीच्या कणावर खाचाच नाहीत, रंध्रं मात्र अंगभर. तीन खाचांच्या घराण्यातल्या काही वंशांत खाचा पुढे बदलून अशी रंध्रं झाली. भोपळ्याच्या कणालाही अनेक रंध्रं असतात, पण त्यांच्यावर झाकणं असतात आणि त्या झाकणांवरसुद्धा काटे! नळी बाहेर यायला लागली की झाकण उचललं जातं.

याच्या उलट काटेसावरीचं. तिच्या परागकणावर काटे नाहीत, नुसती जाळी आहे. म्हणून आणि आणखी काही कारणांनी काटेसावरीला जास्वंदीच्या कुळापासून वेगळं ठेवलं होतं. डीएनएने दाखवलं की ती जास्वंदीच्याच कुळात बसते. म्हणजे साक्षीदार भरवशाचा असला तरी निकाल सगळ्यांचं ऐकून द्यावा लागतो: पान, फूल, फळ, परागकण, डीएनए.

अबोली, कोरांटी, अडुळसा आणि सात वर्षांनी एकदा सह्याद्रीचे डोंगर जांभळे करणारी कारवी, ही सगळी एका कुळातली. पण या कुळात परागकणांचे इतके नमुने आहेत की थक्क व्हावं. अबोलीचा कण लांबट, कोरांटीचा गोल आणि जाळीदार. गुस्ताव लिंडाऊ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1895 मध्ये या कुळाचे पोटगट पाडताना परागकणांचाच आधार घेतला होता. गवतांच्या कुळात मात्र उलटं. हजारो जाती, पण कण जवळजवळ एकाच साच्यातले. तिथे परागकणावरून कूळ झटकन कळतं, जात ओळखायला घाम फुटतो.

आता एक असं फूल, ज्याचे परागकण सुटे होतच नाहीत. ते बघायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मारुतीला वाहतात ती रुई. तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते, म्हणून घरातलं मोठं कुणीतरी सोबत हवंच आणि नंतर साबणाने हात धुवायचे. फुलाच्या मधोमध पाच कोनांची एक सपाट चकती असते. तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर निरखून बघा, एक अगदी बारीक काळपट ठिपका दिसेल. त्याच्या खाली एक उभी फट असते. सुईचं टोक त्या फटीतून खालून वर, ठिपक्यापर्यंत हळूच सरकवा आणि उचला. जमलं, तर सुईला तो काळा ठिपका चिकटून येईल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक दांड्यांवर लोंबणाऱ्या दोन चपट्या पिवळ्या पिशव्या! एका पिशवीत शेकडो परागकण गच्च बसवलेले असतात. एका फुलात अशा पाच जोड्या. भुंगा मध प्यायला येतो, त्याचा पाय फटीत सापडतो आणि पाय ओढून काढताना आख्खी जोडी त्याच्याबरोबर निघते. पुढच्या फुलावर ती दुसऱ्या फटीत अडकून राहते.

या पिशव्यांमुळेच 1810 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी रुईला आणि तिच्या सोबतिणींना कण्हेरीच्या कुळातून बाहेर काढून नवीन कूळ दिलं होतं. आज रुई परत कण्हेर, तगर आणि सदाफुलीच्या घरी आली आहे. त्याच मोठ्या कुळाच्या एका शाखेत सुटे कण एकत्र बांधले गेले, असं आता मानतात. आणि आपल्या सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर फुलणारी सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, तिच्यातही परागकणांचे असेच गठ्ठे असतात. पण आमरी एकबीजपत्री. रुईचा आणि तिचा काही संबंध नाही, युक्ती तेवढी दोघींना वेगवेगळी सापडली. सीताफळाचे परागकण चार-चारच्या जुडग्यांत राहतात, तर बाभळीच्या वर्गातल्या कित्येक झाडांत 16-16 कण एकत्र चिकटून प्रवासाला निघतात.

परागकण ओळखता येऊ लागले की त्यांचे उपयोग किती तरी. मधाच्या थेंबात ते असतातच. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधातले कण तपासून मधमाश्या कोणत्या फुलांवर गेल्या ते सांगता येतं. महाबळेश्वरच्या मधात छोटे तिकोनी कण दिसले की समजायचं, जांभूळ असणार. अर्थात पेरू, लवंग आणि निलगिरीही जांभळाच्याच कुळातले आणि त्यांचेही कण तिकोनी, तेव्हा पुढची पारख जास्त बारकाईने करावी लागते. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळात ते चिवट कवच हजारो वर्षं टिकतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळातले परागकण तपासून, पूर्वी तिथे कोणती झाडं होती आणि पाऊस कसा होता, याचा माग काढला गेला आहे. लखनौला तर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्या नावाची संस्था आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांतले परागकण अभ्यासले जातात. साहनी यांनी ती 1946 मध्ये सुरू केली. 1949 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी नव्या इमारतीची पायाभरणी केली आणि त्यानंतर आठवड्याभरातच साहनी गेले. पण त्यांचं काम त्यांच्या शिष्यांनी थांबू दिलं नाही.

आणि तुम्ही? तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक असेल तर तेवढा पुरे. नसेल तर फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक मिळतो. मेरठमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी तो अमेरिकेत आपल्या सहकाऱ्यांबरोबर तयार केला. घडी घालून खिशात राहतो आणि 140 पट मोठं दाखवतो. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा परागकोशावर हलकेच टेकवायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, झालं काम. वहीच्या एका पानावर एक फूल: नाव, तारीख, जागा आणि कणाचं चित्र. काटे आहेत का? दारं किती? कण सुटे की जुडग्यात? दोन वेगळ्या झाडांचे कण एकसारखे निघाले तर त्यांची पानं, फुलं, फळं शेजारी ठेवून बघा, नातं आहे का ते. त्यासाठी रानातली फुलं तोडू नका. कासवर तर मुळीच नाही, ते जागतिक वारसा म्हणून जपलेलं ठिकाण आहे. परसात, शेताच्या बांधावर, गच्चीवरच्या कुंडीत हवी तेवढी फुलं आहेत. सुरुवात भेंडीपासून करा, तिचे कण मोठे आणि सहज दिसणारे. फक्त लवकर उठा, कारण भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर कोमेजून जातं.